हातचा

सेवेत्तीयार्वीच्या रस्त्यावर, इनारीच्या बरंच वर,
पाइनची चाळीस झाडं माझी आहेत.
माझी म्हणजे नोंदवहीपुरती.
प्रत्येकाच्या बुंध्याला ॲल्युमिनियमचा बिल्ला, बिल्ल्यावर आकडा,
आकड्यावर बर्फ. तो आधी हातमोज्यानं पुसायचा.

रीत अशी:
सुया एकीला एक लावून चिमट्यात धरायच्या,
झडप ओढून वीस मिनिटं काळोख द्यायचा.
उजेडाविषयी काही विचारायचं तर
आधी अंधारात बसवावं लागतं पानाला,
दिवसभराची देणीघेणी मिटेपर्यंत.
मग एकदम लख्ख झोत, सेकंदभर.
पानाला जे पचत नाही ते परत येतं,
तांबडं, डोळ्याला दिसणारही नाही इतकं,
शंभरातलं एखाद-दुसरं.
यंत्र तेवढंच मोजतं. पानाचं उष्टं.
त्यावरून सांगायचं, जेवण गेलं का.

जुलैत उत्तर ठरलेलं: शून्य पूर्णांक त्र्याऐंशी.
कुठलंही झाड, कुठलीही फांदी.
कंटाळा यावा इतकं निरोगी.

डिसेंबरात चिमटे खिशातच राहतात.
इथं तेव्हा अंधार फुकट मिळतो.
दुपारी बाराला क्षितिजाशी काहीतरी निळसर येतं
आणि चुकीच्या घरी आल्यासारखं मागे फिरतं.
ओन्तेई स्नोमोबाइल बंद करतो, पुढचा दिवा विझवतो,
सिगारेटसुद्धा, न सांगता.
बॅटरी मी स्वेटरच्या आत पोटाशी धरून आणलेली.
उणे एकतीस.
आकडा येतो: शून्य पूर्णांक अकरा.

ओउलूहून आलेल्या एल्मेरीनं पहिल्याच हिवाळ्यात
वहीच्या समासात लिहिलं होतं: मेलं?
पेन्सिलीनं, कारण पेन गोठलं होतं.
मी हसले. म्हटलं, हिरवं दिसतंय ना?
मग घरातच आहे. दार उघडत नाही, एवढंच.

त्याला मार्चही समजावला.
डिसेंबर सोपा असतो, मार्च वाईट:
ऊन बर्फावरून दुप्पट होऊन येतं
आणि मुळं अजून दगड.
ताट वाढलेलं, हात बांधलेले.
अशा वेळी भुकेनं नाही, उजेडानं जातं झाड.
म्हणून सुया उजेड घेतात
आणि त्याची ऊब करून वाऱ्यावर सोडतात.
एक पिवळं द्रव्य असतं त्यांच्याकडे, याच कामाचं.
अकरा म्हणजे वजाबाकी नव्हे, पोरा.
बेरीज अर्धी आहे, हातचा राखलाय.

चांगलं बोलले होते मी.

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी बर्फाखालून पाणी वाजू लागलं.
तेवीस नंबर: एकोणीस, मग चौतीस,
मग एका रात्रीच्या गारठ्यानं पुन्हा बावीस,
उंबऱ्याबाहेर टाकलेला पाय मागे घ्यावा तसा.
मेमध्ये एकसष्ट.
सात नंबर: अकरा.
अकरा.
नऊ.
मेच्या वीस तारखेला चार, आणि सुया हिरव्याच.
इतक्या हिरव्या की ओन्तेई म्हणाला, यंत्र बिघडलंय.
यंत्र तेवीसवर लावून पाहिलं. बिघडलं नव्हतं.

का गेलं, याला वहीत रकाना नाही.
मी डिसेंबरचं पान काढलं.
सात आणि तेवीस, दोन अकरा, एकाखाली एक,
माझ्याच अक्षरात, सारख्याच थंडीनं वाकडे झालेले.
एक राखून बसलेला, एक संपत आलेला.
कितीही वेळ बघत बसलं तरी
कोणता कोणता ते कळेना.
समासात एल्मेरीचं प्रश्नचिन्ह होतं, सातसमोरच.
ते त्यानं सगळ्यांसमोर लिहायला हवं होतं.
मी त्याला तसं पत्र लिहिलं. दोन ओळींचं.

या डिसेंबरात सातपाशी ओन्तेईनं
सवयीनं इंजिन बंद केलं, दिवा विझवला.
बिल्ला मी उन्हाळ्यातच काढून नेला होता,
त्याच्या जागी सालीवर एक फिकट गोल.
आम्ही दोघं तसेच उभे राहिलो,
वीस मिनिटं नसतील, पाच असतील.
बॅटरी पोटाशी गरम होती.
मग त्यानं दिवा लावला.
आठ.