कलम चौदा, पोटकलम ब

घणसोलीत जमिनीचा पहिला चेक आला
तेव्हा मी बारा वर्षांचा होतो.
तो आत्याच्या हळदीत गेला.
दुसरा जीपमध्ये. जीप खाडीकाठी गंजली.
पैसा आमच्या घरी पाहुण्यासारखा आला,
पोटभर जेवला
आणि ओटा उतरून गेला.

म्हणून साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बिल्डिंग झाली,
भावाभावांत खोल्या वाटल्या,
तेव्हा मी चार नंबरची रूम
दर्शनाची म्हणालो.
वहिनी म्हणाली, "तिला कनाला पायजे रूम?
दहा न् शंभर तरी कलतं का तिला?"

नाही कळत. बावीस वर्षांची आहे.
पण पाच तारीख कळते.

भाडेकरू तीन पोरं, महापेला रात्रपाळी.
भाडं फोनवर येतं, टिंग वाजतं, संपलं.
दर्शना मात्र पाच तारखेला
तेल लावून, हिरवा ड्रेस घालून
त्यांच्या दारात हात पुढे करून उभी.
पहिल्यांदा पोरं गोंधळली.
तिने हात मागे घेतला नाही.
मग मीच जिन्यात त्यांना गाठलं,
दहाची एक नोट देत जा रे, भाड्यातून वळती करा.
ती नोट चार घड्या करून पत्र्याच्या डब्यात टाकते
आणि खाली येऊन मला सांगते,
"आलं."

वाशीला सेक्टर सतरात नलावडे वकीलबाई.
आधी पाणी दिलं, मग म्हणाल्या,
ती अठराची झाली त्याच दिवशी
कायद्याच्या लेखी तुमचं पालकपण संपलं.
ठाण्याला कलेक्टर ऑफिसात अर्ज करावा लागेल.
तिची आई गेल्यापासून वेणी मीच घालतो.
ही चार वर्षं कोण म्हणून घालत होतो?

अर्जाला दाखला जोडला.
जमिनीचे साडेबारा टक्के,
पोरीचे पंचाहत्तर.
सरकार आम्हाला टक्क्यांतच ओळखतं.

वकीलबाईंनी वहीत माझं वय लिहिलं,
खाली तिचं, आणि वजाबाकी केली.
छत्तीस.
"आपण या वर्षांचं बोलू," म्हणाल्या.
रूम ट्रस्टमध्ये. विश्वस्त दोघं,
बहिणीचा हितेश आणि शाळेतल्या शर्वरी टीचर.
एकट्याच्या सहीने पैसा हलणार नाही.
रूम विकायची नाही,
तिच्या औषधपाण्याला दुसरा काही मार्ग असेतोवर.
"आणि तिच्या पश्चात उरेल ते कोणाला?"
मी उठलो. खाली जाऊन चहा घेतला.
दोन घेतले.

परत आलो तर त्या तशाच बसलेल्या.
"अजून काही?"
मी दहाच्या नोटेचं सांगितलं.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
"दादा, असं डीडमध्ये लिहीत नाहीत.
भाच्याला तोंडी सांगून ठेवा."
मी म्हटलं, बाई,
आमच्या जमिनीचंही पुष्कळ काही
तोंडीच सांगितलं होतं.

पेन पुन्हा उचललं त्यांनी.
चौदा ब: भाडे कोणत्याही मार्गाने जमा झाले तरी
दर महिन्याच्या पाच तारखेला
दहा रुपयांची एक नोट
लाभार्थीच्या हातात देण्यात यावी.
मग थांबल्या. "दहाची नोटच बंद झाली तर?"
हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.
बराच वेळ पंखा फिरत राहिला.
"तेव्हा जी सगळ्यात लहान असेल ती,
पण कागदाची. तिला घडी घालता आली पाहिजे."
तेही लिहिलं.

हितेशने ते कलम दोनदा वाचलं.
हसला नाही.
मोबाईल काढून पाच तारखेचा गजर लावला.

वीस पानी कागद. त्यात सगळीकडे ती लाभार्थी.
घरी येऊन मी तशी हाक मारून पाहिली,
"लाभार्थी!"
तिने वळूनही पाहिलं नाही.
बाय म्हटलं,
तेव्हा फणी घेऊन आली
आणि माझ्याकडे पाठ करून बसली.