२.९ मि.ली.

शेंगदाणे मी रात्रीच भिजत घातले,
सकाळी मिक्सरमधून काढून
मायच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं गाळले,
आणि अमळनेरच्या एसटीत
बाटली मांडीवर धरून बसले.
बाटलीवर चिकटपट्टी : नमुना चार.

प्रॅक्टिकलला बाकी सगळ्यांनी दूधच आणलेलं.
भारती बडगुजरनं घरच्या म्हशीचं,
कुणी लोटन आप्पाच्या किटलीतलं,
एकानं जळगावहून सोयाचा डबा.
दाणे घेऊन आलेली मी एकटी.
मनगट मोडलं तेव्हा डॉक्टर मायला म्हणाले होते,
कॅल्शियम कमी आहे, दूध घेत जा.
ती म्हणाली, "माले दूध पचस नही,"
आणि प्लास्टरबाहेरची बोटं हलवून दाखवली,
जणू तेवढ्यानं विषय मिटला.

भटूभाऊंनी ब्युरेट स्टँडला लावून दिली.
"चावी डाव्या हातानं, ताई. उजव्यानं फ्लास्क."
पाच मिली नमुना, थोडं डिस्टिल्ड वॉटर,
सामू बारावर जाईल इतका अल्कली,
चिमूटभर निर्देशक
आणि दुधात अंबाडीची बोंडं कुस्करल्यासारखा रंग.
मग वरून ईडीटीए.
हलवत राहायचं, बोलायचं नाही.
लाल विटतं, जांभळं होतं,
आणि कुठल्यातरी एका थेंबाला
सगळं फ्लास्कभर नीळ.
तो थेंब आधी ओळखता येत नाही.
पडून गेल्यावर कळतं, हाच होता.

भारतीची म्हैस : बावीस पूर्णांक चार.
लोटन आप्पा : अठरा पूर्णांक सहा.
वर्ग हसला. आप्पांचा पुतण्या
मागच्या बाकावर ब्युरेटकडे बघत राहिला.
सोयाचा डबा : तीन.
"डबा हलवला होता का?" देवरे सरांनी विचारलं.
नव्हता. हलवून घेतला तेव्हा पंधरा.
कॅल्शियम तळाशी पांढरं होऊन बसलेलं.

माझं : दोन पूर्णांक नऊ.
फार नाही, पण शून्यही नाही.
मी वहीच्या कोपऱ्यात मायसाठी
रोजचे किती पेले, ते मांडायला लागले होते.
सर मागे उभे राहून म्हणाले,
"दाणे कुठल्या पाण्यात वाटले?"
"घरच्या. बोअरच्या."
"मग नुसतं पाणी लाव."

नुसतं पाणी लावलं.
तेही लाल झालं.
दोन पूर्णांक तीन.

म्हणजे दाण्यांचे फक्त शून्य पूर्णांक सहा.
बाकी सगळं बोअरचं,
तीनशे फुटांखालच्या खडकाचं,
ज्या पाण्याला माय रोज बोल लावते.
"ह्या पानीमा डाय शिजस नही," म्हणते,
आणि हंड्याच्या आतला पांढरा थर
चिंच लावून खरवडते,
आता डाव्या हातानं.

संध्याकाळी चुलीपाशी बसून तिला सांगितलं :
आपलं लिटरभर पाणी म्हणजे
भारतीच्या म्हशीचं जवळजवळ शंभर मिली दूध.
हिशोब दाखवला, वही उलटी करून,
गुणिले शून्य पूर्णांक चार, मग गुणिले वीस.
तिनं आकड्यांवरून बोट फिरवलं.
"आन् दाना?"
दाण्यात फारसं काही नाही गं.
"चव तं शे."

फळीवर, मिठाच्या बरणीखाली,
पाणी गोड करणाऱ्या मशीनवाल्याचं कार्ड आहे.
माझ्या स्कॉलरशिपमधून पहिला हप्ता भरायचा ठरला होता.
त्या मशीनमधून गेलेलं पाणी
फ्लास्कमध्ये घातलं, तर
पहिल्या थेंबालाच निळं होईल बहुतेक.
पण डाळ शिजेल. हंडा पांढरा होणार नाही.
तिचं मनगट सुटीतही दुखणार नाही घासून घासून.

एवढ्याशाचं मनगटाला काय होणार, तेही
सरांना विचारायचं राहिलंय.

मायनं तांब्या भरला,
दिव्याकडे धरून आरपार बघितलं.
काहीच दिसलं नाही तिला.
प्यायली.
मग रिकामा तांब्या माझ्याकडे देत म्हणाली,
"उद्या सोमानं आणजो ते निळं, माले बी पाह्यनं शे."