तांब्याभर पाणी

मागच्या बुधवारी आम्ही तोंडवळीला गेलो,
सुरूच्या बनामागे, चाकांवरचं घर बघायला.
मी, माझी बहीण कुंदा, आणि दिगू मेस्त,
ज्याला गाड्यांतलं काही कळत नाही
असं तो स्वतःच वाटेत तीनदा म्हणाला.
चाळीस वर्षं त्याने सर्जेकोटात होड्या बांधल्या.
कुंदा म्हणाली, म्हणूनच चल.

विकणारा नेरुरकर. त्याने आधी दिवे लावले,
निळे, मग जांभळे,
पडदे ओढून दाखवले, पलंगाचा सोफा केला,
सोफ्याचा परत पलंग.
ओट्यावर संगमरवराचा कागद,
भिंतीवर विटांचा कागद,
आणि नव्या रंगाचा वास, इतका दाट
की खिडकी उघडली तरी बाहेर जाईना.
कुंदाच्या डोळ्यांत मला तेव्हाच
रेडी ते रेवस सगळा रस्ता दिसला:
सकाळी एक खाडी, संध्याकाळी दुसरी,
चहा मात्र आपल्याच टोपात.

मेस्त आत आलाच नाही.
लुंगी आवरून तो वाळूत उताणा झाला
आणि गाडीच्या पोटाखाली सरकला.
बराच वेळ नुसते तळवे दिसत होते त्याचे.
मग बोटाच्या पेराने ठोकणं ऐकू आलं,
टक, टक, टक, ढप.
पुन्हा मागे. टक. ढप.
"हयसर कोणतरी निजलेलो आसा," तो खालून म्हणाला.

बाहेर आला तेव्हा बोट जिभेवर होतं.
गंज चाखून बघितला होता त्याने,
खारा की नुसता पावसाचा.
"गाडी पुण्याची आहे हो, समुद्र बघितलाच नाही हिने,"
नेरुरकर म्हणाला. मेस्त थुंकला.
उत्तर म्हणून नव्हे.
मीठ होतं म्हणून.

मग आत. कपाट उघडून बघितलं नाही, हुंगलं.
बिजागरीचा स्क्रू अंगठ्याच्या नखाने फिरवला,
तो फिरला, फिरतच राहिला,
मागे धरून ठेवायला लाकूडच नव्हतं.
खण उपसून पालथा केला:
पुढून साग, मागून दाबलेला भुसा.
"होडयेची मागची बाजू माशांका दिसता," तो म्हणाला,
"तेंच्याशी खोटा बोलाक येणा नाय."

शेवटी त्याने तांब्याभर पाणी मागितलं.
स्टुलावर चढला, छपराच्या सांध्यावर
बारीक धार धरली, देवाला घालावी तशी,
आणि खाली उतरून बिडी पेटवली.
पाच मिनिटं. दहा. कुंदा आतबाहेर करत होती.
"बघा, एक थेंब नाही," नेरुरकर म्हणाला.
"थांबा. पाणी शिरता एकीकडसून, रडता दुसरीकडे."
मग सांध्यापासून सहा हात लांब,
पलंगाच्या उशाशी,
कागदातली एकच वीट काळी पडली.

परतताना कोणी बोलत नव्हतं.
कोळंबच्या पुलावर मेस्तच म्हणाला, खिडकीकडे तोंड करून,
"चेडवाच्या लग्नाच्या वर्सा एक होडी केलंय.
एका फळयेक गाठ होती. दुसरी फळी घेवक पैसे नाय.
राळ नि भुसो भरलंय, वरसून निळो रंग मारलंय.
आठ वर्सां चल्ली. कोण बुडाक नाय.
मालक अजून माका चाय पाजता."

पूल संपला. माडांची सावली
काचेवरून सरकत गेली.
कुंदाने फोन काढला, नेरुरकरला विचारलं,
नुसता सांगाडा देणार का,
चाकं ठेवून, बाकी सगळं उतरवून, कितीला?
तो पलीकडून बराच वेळ काहीतरी सांगत होता.
मेस्त ऐकत नव्हता.
आमच्या जुन्या बोलेरोच्या दाराला
तो पेराने हळूच ठोकत होता.