मोगऱ्याची रोगनोंद

मोगऱ्याची पानं कडेनं करपली
आणि मी समजले, तहान.
दोन बादल्या जास्त घातल्या.
तो आणखी करपला.

सोहारच्या या घराला विहीर आहे,
आणि समुद्र दोन किलोमीटरवर,
दरवर्षी जमिनीखालून
थोडा थोडा जवळ येणारा.
दिवसभर प्रयोगशाळेत मी
लोकांच्या पाण्यातलं मीठ मोजते.
स्वतःच्या बादलीत मीटर बुडवायला
मला दीड वर्ष लागलं.
आकडा सांगत नाही.
वहीत लिहून खाली लाल रेघ मारली,
प्रगतिपुस्तकात मारतात तशी.

मग एकेक झाड.
करपलेली कड: मीठ.
शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं:
लोह आहे मातीत, पण कुलपात,
आणि किल्ली चुन्याच्या हातात.
जास्वंदीच्या बेचक्यात कापूस:
पिठ्या ढेकूण.
त्याला जुना टूथब्रश, साबणाचं पाणी,
तेही पहाटे पाचला.
सातला नळच चटका देतो.

कुंपणापलीकडून शम्साबाई विचारत,
"फुल्लला काय झालं?"
अरबीत मोगरा म्हणजे फुल्ल.
मला कितीतरी दिवस वाटायचं,
बाई माझ्याच भाषेत विचारतायत.
त्यांनीच एसीच्या नळीकडे बोट केलं.
भिंतीवर हिरवट ओघळ,
कुणाच्याच हिशेबात नसलेलं पाणी.
मीटर बुडवला. जवळजवळ शून्य.
ज्या चिकट हवेला मी जुलैभर शिव्या घातल्या
तीच रात्रीत बादली भरून ठेवत होती.

कुंडीच्या तळातून तीन वेळा
पाणी वाहू दिलं.
चौथ्यांदा जीभ लावून पाहिली,
मीटर हातात असताना.

आता सोबत.
नर्सरीतल्या कुञ्ञुमोननं अडेनियम पुढे केला,
बाळसेदार खोडाचा.
"चेची, शेजारी शेजारी छान दिसतील."
दिसतील.
पण एकाला रोज पाणी हवं
आणि त्याच पाण्यानं दुसरा बुडापासून सडणार.
असे संसार पाहिलेत मी,
फोटोत फार शोभतात.
अडेनियम घेतला, पण गच्चीवर ठेवला,
एकटा. मजेत आहे.

मुळांतल्या सूत्रकृमींना झेंडू लावायचाय,
पण तो ऑक्टोबरआधी येणार नाही म्हणतो,
आणि त्याचं बरोबर आहे.
तोवर मोगऱ्याच्या पायाशी ऑफिस टाइम.
काडी मोडून खोचली, लागली.
आठवड्यात मातीवर सतरंजी,
खालची माती चक्क गार.
नवाला उघडते, दुपारी मिटते,
शुक्रवारीसुद्धा.
इथली सुट्टी कधी असते
तिला कुणी सांगितलेलं नाही.

आज दोन नवी पानं आली.
कड अखंड, हिरवी.
मी कुंपणाशी जाऊन हाक मारली.
शम्साबाई हात पुसत आल्या.
"फुल्ल?"
नाही, म्हटलं, अजून नुसतं पान.
तरी त्या बघायला वाकल्या.
मागे बादली भरून
वाहायला लागली होती.