दोरा

ऑगस्टात शाळा उघडली तेव्हा
बँडमध्ये अकरा पायपर होते, त्यातले पाच
अजून चँटरवर.
म्हणजे पिशवी नाही, खांद्यावरचे तीन भोंगे नाहीत,
नुसती एक काळी नळी,
आणि तिच्यातून सर्दी झालेल्या बदकाचा आवाज.
मी रसायनशास्त्र शिकवतो. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं.
माझ्याकडे मिनीबसचं लायसन्स होतं
म्हणून मी बँडमध्ये.

मिस्टर ऑख्टरलोनी दर मंगळवारी येतात,
खिशात मेणकटलेल्या दोऱ्याचं रीळ.
पहिला महिनाभर पोरांना वाजवू देत नाहीत,
सांध्यांवर दोरा गुंडाळायला लावतात.
हवा चोरटी असते, म्हणतात,
फट दिसली की गेलीच.
मी मागच्या बाकावर वह्या तपासत बसायचो
आणि मला मिरज आठवायची,
कॉलेजात असताना ज्या दुकानावरच्या खोलीत राहायचो
ते दुकान, आणि खाली तो म्हातारा
तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा
केसभर पुढे, केसभर मागे सरकवत असलेला.
दुपारभर.
तेव्हा झोपमोड व्हायची, एवढंच.

नोव्हेंबरात युद्धस्मारकापाशी उभे राहिलो.
आर्ब्रोथचा वारा समुद्रावरून थेट गुडघ्यांवर येतो,
किल्ट त्याला काय अडवणार!
दोन मिनिटांची शांतता सुरू झाली
आणि दुसऱ्याच मिनिटात मोर्व्हनच्या पिशवीतून
एक लांबलचक कण्हणं बाहेर पडलं.
कोणी मान वळवली नाही.
तेरा वर्षांची पोर, कानापर्यंत लाल.
नंतर व्हीलचेअरमधली एक आजीबाई
बसपाशी आली, विचारलं, ती कोण होती?
आणि तिच्या हातात पेपरमिंटची गोळी ठेवून
काही न बोलता गेली.

जानेवारीत हॅगिसच्या ताटापुढे वाजवलं, तीन ठिकाणी.
फेब्रुवारीत कायेतानच्या वडिलांची नोकरी अ‍ॅबर्डीनला गेली
आणि त्यांच्याबरोबर आमचा मोठा ढोल वाजवणाराही.
ढोल दोन आठवडे कँटीनच्या कोपऱ्यात,
चिप्सच्या वासात,
मग सहावीतल्या छोट्या आयोनाने तो उचलला.
समोरून बघितलं तर ढोलच चालत येतोय,
खाली दोन बूट.

मार्चमधली एक संध्याकाळ.
रुअरी भोंगे जुळवत होता, ऑख्टरलोनी कान लावून,
आणि माझ्या तोंडून निघून गेलं:
मधला. किंचित वर करा.
सगळे थांबले. मी पेनाचं टोपण शोधायला लागलो.
रुअरीने मधला भोंगा केसभर वर ओढला
आणि तिघांमधली ती थरथर,
तीन माणसं एका दारातून घुसताना होते ती चेंगराचेंगरी,
संपली.
ऑख्टरलोनी माझ्याकडे बघत राहिले.
तेव्हापासून वह्या घरी तपासतो.

जूनमध्ये स्पर्धा. मैदानात चिखल, सात बँड.
आम्ही सहावे.
सातव्यांचा ढोल वाटेत फाटला होता, हेही सांगायला हवं.
परीक्षकाच्या कागदावर अकरा ओळी चुका
आणि तळाशी तिरप्या अक्षरात: भोंगे एकसंध.
येताना बसमध्ये ओल्या लोकरीचा वास,
पोरं ओरडून ओरडून झोपलेली.
त्या कागदाची झेरॉक्स
मी मिनीबसच्या आरशामागे खोचून ठेवली आहे.
इन्स्पेक्शनवाला काढा म्हणाला. काढली नाही.

रुअरी आता डंडीला, इंजिनियरिंगला.
शेवटच्या दिवशी सात नंबरची पेटी परत करताना
त्याने ती दोनदा उघडून बघितली.

पुन्हा ऑगस्ट. सहा नवी बदकं.
सात नंबरची पेटी मोर्व्हनकडे.
ऑख्टरलोनींचा गुडघा दुखतोय म्हणून
या मंगळवारी तीच शिकवते दोरा गुंडाळायला.
घट्ट नको, म्हणते. सैलही नको.
मग किती? एक पोरगा विचारतो.
ती माझ्याकडे बघते.
मी खिशातून रीळ काढतो.