न्यूआर्क ते लेचलेड, पाण्याने

ट्रकवर टाकली तर चार तासांत पोचेल,
हे डेस्मंड रॅग तिसऱ्यांदा सांगतो
आणि तिसऱ्यांदा नकाशा उलगडतो.
टेबल पुरत नाही. ट्रेंट नदी माझ्या बाजूने लोंबते,
ऑक्सफर्ड त्याच्या मांडीवर.

बोटीचं नाव टर्नस्टोन. लांबी सव्वीस फूट,
रुंदी सहा फूट दहा इंच.
दोनदा मोजली. टेप ओली होती म्हणून आणखी एकदा.
फॉक्स्टनच्या लॉकचा घसा सात फुटांचा,
दोन्ही अंगांना एकेक इंच,
म्हणजे फेंडर वर ओढून शिरायचं आत,
विहिणींच्या पंगतीतून जावं तसं,
कुणाच्या पदराला न लागता.

मी वहीत रकाने आखते:
दिवस, मैल, लॉक, डिझेल, रात्री बांधायचं कुठे.
कालव्यात ताशी चार मैल,
काठाला बांधलेल्या बोटी दिसल्या की त्याहून कमी,
आतल्या माणसाचा चहा हिंदकळता कामा नये.
शंभरावर लॉक. पंधरा मिनिटं एकेकाला धरली
तर पंचवीस तास नुसते
दारं ढकलण्यात, पाणी भरण्यात, दारं लावण्यात.
डेस्मंडचा गुडघा धरला तर तीस.
गुडघ्याला रकाना नव्हता. आखला.

माझे वडील दाभोळच्या खाडीत लाँचवर तांडेल होते.
त्यांनी प्रवास कधी कागदावर लिहिला नाही.
तिथी बोटांवर मोजायची, उधाण की भांग एवढं बघायचं,
आणि दोर सोडायचा.
इथल्या पाण्याला तिथी नाही, वेळापत्रक आहे.
फॉक्स्टनला उशीर झाला तर लॉककीपर
कुलूप लावून घरी जातो, आपण रात्रभर डोंगराच्या पायथ्याशी.
हो, डोंगरच. तिथे पाणी चढतं,
एका हौदातून वरच्या हौदात, दहा पायऱ्या,
आणि बोट त्याच्या खांद्यावर.
बाबांना सांगितलं असतं तर म्हणाले असते,
पोरी, पाणी चढत नसतं. चढवतो कोण ते बघ.

चढवतो डेस्मंड. कठड्याला पाठ लावून,
टाचा विटांत रोवून, शिव्या देत.
मी सुकाणूवर.

सोअर नदीला पूर आला तर पाटी लाल होईल.
लाल झाली की थांबायचं, किती दिवस ते कुणी सांगत नाही.
मी रकान्यात प्रश्नचिन्ह घालते,
डेस्मंड ते खोडून लिहितो: दोन.
तू काय नदीला विचारलंस?
तो म्हणतो, नाही, पण गिऱ्हाईकाला आकडा लागतो.

गिऱ्हाईक श्रीमती ॲश्डाऊन, लेचलेड.
आज त्यांचं पाकीट आलं.
ट्रकचे पैसे मी सहज देईन, लिहितात,
पण माझ्या भावाने ही बोट न्यूआर्कलाच बांधली
आणि तीस वर्षं माझ्याकडे पाण्याने यायचा बेत केला.
त्याची वही सोबत आहे. उपयोग झाला तर बघा.

वही निळी, कोपरे डिझेलने काळे.
तेच रकाने. पेन्सिलीने लिहिलेले, खोडलेले,
पुन्हा लिहिलेले, कागद झिजून आरपार दिसेपर्यंत.
डिझेलचा भाव चार वेळा बदललेला.
आधी दोन माणसं, मग एक.
एक पूल पाडून नवा झाला, तोही नोंदलेला.

फक्त सहावा दिवस कधीच खोडलेला नाही.
मैल शून्य, लॉक शून्य. पुढे बारीक अक्षरात:
पाऊस. मुक्काम. पत्ते.

डेस्मंड चष्मा काढून हसतो,
पाऊस कुणी वेळापत्रकात घालतं का!
मग बराच वेळ हसत नाही.

बाहेर यार्डात कुणीतरी पंप बंद केला.
मी आमच्या वहीत सहाव्या दिवसावर येते,
वॉटफर्डचे सात लॉक सातव्या दिवसावर ढकलते,
ओळ तशीच्या तशी उतरवून घेते.
आणि सामानाच्या यादीत,
लॉकच्या दांड्याखाली, जास्तीच्या दोराच्या वर,
लिहिते: पत्त्यांचा जोड, एक.
डेस्मंड म्हणतो, दोन लिही. एक भिजेल.