पासंग

तुझा प्रबंध वाचला, स्काइस्ते. दोनदा.
विल्नियसहून टपालानं आलेलं ते बाड
आधी काट्यावर ठेवलं, जुनी खोड:
एक किलो एकशे चाळीस.
एइमुतिसचे तिन्ही संग्रह एकत्र ठेवले
तरी त्याच्या पासंगाला पुरत नाहीत.

पान बारावर तू म्हणतेस,
त्याचं रिकामं पारडं म्हणजे निघून गेलेला देव.
असेलही.
मी त्याच्या हाताखाली एकवीस वर्षं होतो,
वजनमापं खात्यात, नेमुनास नदीच्या मुखाशी,
जिथं हिवाळ्यात स्तिंता मासळी येते
आणि अख्ख्या बाजाराला काकडीचा वास सुटतो.
मापातलं पाप शोधणं, ही आमची नोकरी.
भरलेलं पारडं कोणीही वाचतं, तो म्हणायचा,
चोरी रिकाम्यात असते.
खाली थापलेलं मेण, वाळलेले खवले,
एकदा तर एक नाणं.
आईची आठवण म्हणून चिकटवलंय, म्हणाली कोळीण.
त्यानं हसून दंड लावला
आणि संध्याकाळी स्वतःच भरला.

शिसं. शिशावर तुझी अकरा पानं.
परकी सत्ता, बंदुकीची गोळी, दाबलेली जीभ.
अगं, प्रत्येक लोखंडी वजनाच्या बुडाशी एक भोक असतं.
हाताळून हाताळून वजन झिजतं,
मग त्या भोकात शिसं ओतायचं, वर त्या सालचा ठसा.
झिजलेल्याला पुन्हा खरं करायचं, एवढंच.
(लिहिताना लक्षात येतंय,
हे तुझ्यासारखंच बोलणं झालं.)

बर्फाबद्दल मात्र तुझं चुकलं.
'ना वाट ना पाणी' म्हणजे मौन नव्हे.
आमच्याकडे त्याला नाव आहे, शक्तार्पिस:
बर्फ माणसाला पेलत नाही, होडीला सोडत नाही,
पलीकडचे पलीकडे, अलीकडचे अलीकडे.
तशात त्याची पोर तापानं फणफणली
आणि डॉक्टरच्या घरचा दिवा समोरच्या काठावर दिसत होता.
तीन रात्री.
ती जगली. कवितेत जगत नाही.
का, ते तू लिहायला हवं होतंस.

आणि मग पान एकशे सहा.
हे मला ठाऊक नव्हतं.
सैबेरियातल्या बराकीत त्याची आई पाव तोलायची,
काठीची दांडी, दोरीला टांगलेली फळकुटं,
माणशी तीनशे ग्रॅम,
आणि सात वर्षांचा तो शेजारी उभा राहून
दांडी स्थिरावली की म्हणायचा, थांबली.
कुठल्या दप्तरातून उकरलंस हे?
एकवीस वर्षं मला वाटायचं, हा माणूस मंद आहे.
काटा थांबला तरी हा बघतच राहायचा.
मागे रांग, मासळीवरचा बर्फ वितळतोय,
मी घड्याळ दाखवायचो.
तो ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचा.
मला वाटायचं, आकडा.

सोबत एक वजन पाठवतोय, दोनशे ग्रॅमचं.
बुडाशी ठसा त्याच्या हातचा, शेवटच्या सालचा.
कागदांवर ठेव, उडणार नाहीत.
त्याचं रूपक करू नकोस.
किंवा कर.

त्या 'निळ्या हातमोज्या'पुढे तू प्रश्नचिन्ह सोडलंयस.
मलाही तो सुटला नाही.
काल अदेलेकडे गेलो होतो, तिला विचारलं.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
चहा अर्धाच ओतला,
आणि खिडकीची काच पुसायला घेतली,
स्वच्छच होती ती.